किलात की बालूद

क्रिस्पिनने बोनीची गचांडी धरली आणि बोनीने त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. टेबल उलटलं, कॉफी सांडली. बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यामागे पुरिताची खानावळ होती, आणि तिथलं सकाळचं भांडण ठरलेलं होतं: शहरात भारी रेडिओ कुठला, किलात की बालूद?

“बालूदवर गाणी लागतात, माणूस हसतो तरी,” जीपनी ही प्रवासी गाडी चालवणारा बोनी धापा टाकत म्हणाला. “तुमच्या किलातवर तो इस्मे उठल्यासुटल्या जुगारवाल्यांच्या नावाने खडे फोडतो. मोठा लागून गेलाय शहाणा.”

मोठा लागून गेलेला शहाणा कोपऱ्यातच बसला होता. टोपी डोळ्यांवर ओढून भात-मासे खात होता आणि सगळं ऐकत होता. जुगाराचे अड्डेवाले त्याच्या जिवावर उठले होते, म्हणून कार्यक्रम आटोपला की तो मागच्या गल्लीने इथे न्याहारीला यायचा. त्याचा आवाज शहरातलं शेंबडं पोरही ओळखायचं, चेहरा मात्र फारसा कुणी पाहिलेला नव्हता. खानावळीतल्यांनी बाहेर चकार शब्द काढला नव्हता. बोनीनेसुद्धा नाही.

त्यात खानावळीतल्या रेडिओवर बालूदच्या निवेदकाला नको ती हुक्की आली. शहरातलं सगळ्यात चांगलं स्टेशन कुठलं, फोन करा आणि बेधडक सांगा, म्हणाला.

“थांब, त्यांच्याच घरात जाऊन त्यांचं नाक कापते,” म्हणत पुरिताने एप्रन खोचला आणि फोन फिरवला. आणि नेमका तिचाच फोन लागला.

“मी बर्फाच्या कारखान्यामागची पुरिता. माझं मत किलातला. तुमच्याकडे नुसता टाइमपास.”

खानावळ हसली. निवेदकही हसला. “बरं बाई, आणि नमस्कार कुणाकुणाचा?”

रेडिओवर फोन लागला की सोबत बसलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन नमस्कार सांगायचा, ही तिथली रीत. एखाद्याचं नाव राहिलं तर तो रुसून बसतो. पुरिता टेबलांवरून नजर फिरवत सुटली. “आमच्या क्रिस्पिनचा नमस्कार, त्या नाठाळ बोनीचा नमस्कार, आणि आमच्या मनोंगचाही, इस्मेदादाचा. हा काय, इथेच बसलाय जेवत.”

बोलून गेल्यावर आपण काय केलं ते तिला कळलं. जळली मेली जीभ माझी, ती पुटपुटली आणि फोन आदळला.

इस्मे उठला होता. पण अड्डा दोन गल्ल्यांपलीकडेच होता, आणि तिथेही रेडिओ चालू होताच. मागच्या दाराशी मोटारसायकल थांबली, लगोलग दुसरी पुढच्या दाराशी. इस्मे पुन्हा खाली बसला.

हेल्मेट घातलेले दोघे आत आले. पुढच्याच्या हातात पिस्तूल होतं.

“एकेकाने बोलायचं. नाव सांगा.”

क्रिस्पिनने ठोशाने सुजलेल्या तोंडाने नाव सांगितलं. मग बोनीची पाळी.

“इस्मे कुठंय?”

“पळाला. हिने नाव घेतलं तसा शेपूट घालून पळाला,” बोनी म्हणाला. “मला काय विचारता, मी बालूदवाला.”

पिस्तुलाचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. तो गुडघ्यावर आला, रक्तासोबत एक दात थुंकला आणि पुन्हा म्हणाला, “पळाला म्हणतो ना.”

पिस्तूल कोपऱ्याकडे वळलं. “तू रे, टोपीवाल्या. नाव?”

पुरिता कशी मध्ये आली तिचं तिलाही कळलं नाही. “तो माझा दीर आहे. जन्माचा मुका.”

“मुका,” तो म्हणाला. त्याने चुलीवर उकळत असलेल्या माशांच्या रश्श्याकडे पाहिलं. “मग ओत त्याच्या हातावर. मुकाही ओरडतोच. बघू कसा ओरडतो.”

पुरिता चुलीकडे गेली. पळी तिने काठोकाठ भरली. अर्धी घेतली असती तर तेवढ्यावरूनच त्याने ओळखलं असतं. इस्मेने आपणहून हात टेबलावर ठेवला, उजवा. तिने रस्सा ओतला.

कातडी पांढरी झाली आणि मग फुगून वर आली. त्या शहरात साधी ठेच लागली तरी माणसाच्या तोंडून येशूचं नाव निघतं. ते नाव इस्मेच्या ओठांपर्यंत आलेलं तिने पाहिलं आणि गिळलेलंही पाहिलं. एक शब्द, आणि गोळी सुटली असती. घशातून निघाली ती नुसती घरघर, गळ्यावर सुरी फिरलेल्या डुकराची.

“आणखी एक.”

पुरिताने आणखी एक ओतली. ती रडत होती आणि ओतत होती.

पिस्तूलवाल्याने हेल्मेटची काच वर केली आणि कान जवळ नेऊन ऐकलं. चेहरा कोवळा, मिसरूडही धड फुटलेली नव्हती. इस्मे तसाच घरघरत राहिला.

“हा नव्हे,” तो जोडीदाराला म्हणाला. “तो आवाज मी झोपेतही ओळखीन.”

त्याने पिस्तूल शर्टाखाली खोचलं. दारातून तो मागे वळला, पुरिताकडे पाहिलं, आणि थोरल्या बहिणीशी बोलावं तसा बोलला.

“बाकी तू फोनवर बोललीस ते खरंय, मनांग. किलातच भारी. आमची आई दुसरं काही लावूच देत नाही. इस्मे बोलायला लागला की घरात चमचासुद्धा वाजवायचा नाही.”