एक्केचाळीस किलो

आठवड्यात तिसऱ्यांदा ती जोडीदाराच्या हातांतून निसटून बर्फावर आपटली, तेव्हा सरांनी वजनकाटा रिंकच्या कडेलाच मांडला. स्केटिंगचे बूट काढून ती वर चढली. "एक्केचाळीस किलो!" सर कडाडले. "उचलून उचलून बिचारा मेटाकुटीला आलाय. आजपासून तुझं रात्रीचं जेवण बंद." नऊ वर्षांपासूनचा तिचा जोडीदार वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. सकाळी केस विंचरायलासुद्धा त्याचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नव्हता. सरांना सांगावं, तर महिन्यावर आलेल्या स्पर्धेत तिला दुसरा कुणीतरी उचलणार. बाकावर तिने डबा उघडला. उकडलेलं अंडं तोंडाशी नेलं, परत ठेवलं. "खरं सांग, मी जड झालेय का रे?" "थोडीशी," तो नाड्यांकडे बघत म्हणाला. तिने डबा त्याच्यापुढे धरला. "मग हे तूच खा. ताकद तुला लागते." त्याने तो डाव्या हाताने घेतला.