विहिणीचा आग्रह

गोदाक्कांचा आग्रह असा, की त्यांच्या पंगतीला बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठे. लेकीच्या लग्नात त्या जिलेबीचं ताट घेऊन वरमायेपुढे, मंदाकिनीपुढे, उभ्या ठाकल्या.

मंदाकिनीला घाम फुटला. वजन उतरवायच्या ऑपरेशननंतर तिच्या पोटात वाटीभरच जागा उरली होती. जिलेबी खाल्ली तर उलटी, नाकारली तर ‘वरमाय रुसली!’ तिचा हात जिलेबीकडे गेला.

पंगतीत शेजारी बसलेल्या सगुणाताईंनी तो धरला. त्यांचं तेच ऑपरेशन वर्षापूर्वी झालेलं. “लाजतेस काय गं? मीही लाजायचे. सांगून टाक!”

“रुसवा नाही हो, विहीणबाई,” मंदाकिनी एका दमात म्हणाली, “डॉक्टरांनी पोट कापून लहान केलंय माझं.”

गोदाक्कांनी ताट खाली ठेवलं, आपला भारदस्त देह जपून वाकवला आणि त्या कुजबुजल्या, “फार दुखतं का हो?”

दोघींनी सरकून मधे गोदाक्कांसाठी ऐसपैस जागा केली.