पत्र्याचा बॉक्स

बॉक्स डिकीत बसला. हितेंद्रने व्हीलचेअर मिटली, आडवी केली आणि श्वास रोखून बॉक्सच्या शेजारी ढकलली. चाक कडेला जरा घासलं, पण खुर्ची आत गेली. त्याने डिकीचं झाकण हळूच खाली आणलं. खट्टकन लागलं.

"बसली," तो म्हणाला. मग पुढे ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "अपेक्षा, बसली गं खुर्ची."

पुढच्या सीटवर त्याची बायको आरशातून सगळं बघत होती. तिने नुसती मान हलवली.

रे रोडची ती शेड धम्मपालची. खिडक्यांच्या ग्रिली, जिन्याचे कठडे असली कामं तो करायचा. गाडीतल्या वूफर स्पीकरचा बॉक्स पत्र्याचा करायचाय म्हटल्यावर त्याने मित्राला वेड्यात काढलं होतं. "लाकूड आवाज पितं रे. पत्रा बोंबलतो. प्लायवूड वापरणारे सगळे काय येडे आहेत?" पण हितेंद्र एसीचे डक्ट बसवणारा, पत्र्याशी त्याचा रोजचा व्यवहार. आधीच्या लाकडी बॉक्सच्या भिंती जाड, त्यांनीच निम्मी डिकी खाल्लेली. पत्रा पातळ. आतली पोकळी तेवढीच ठेवून बॉक्स बाहेरून आटोपशीर होतो, शिवाय चाकाशेजारच्या खोबणीत शिरेल असा वाकवता येतो.

तसं, वूफर काढूनच टाकला असता तरी खुर्ची मावली असती. तो काढायलाच निघाला होता. तेव्हा अपेक्षा म्हणाली होती, "पलंग काढलास, कपाट काढलंस, मोरीचा उंबरा फोडलास. माझ्यापायी घरातलं एकेक चाललंय. आता गाडीतलं गाणंपण काढ." पान्हा ठेवून तो तडक इथे आला होता.

"लाव आता," धम्मपाल म्हणाला.

हितेंद्रने गाणं लावलं. ढोलाचा पहिला ठोका बरा पडला. पुढच्या ठोक्यांना बॉक्स असा झणझणला, की जणू रिकामा डबा कोणी रस्त्याने लाथाडत नेतंय. हितेंद्रने गाणं बंद केलं. धम्मपाल 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही. हातातलं फडकं उगाच झटकत राहिला.

"काढू या का?" त्याने विचारलं.

"काढ. दुसरं काय."

"थांबा," अपेक्षा पुढून म्हणाली. "मला मागे घे."

"कशाला? ऊन आहे मागे."

"घे म्हणते ना."

मग खुर्ची बाहेर निघाली. हितेंद्रने तिला सीटवरून उचलून खुर्चीत बसवलं आणि ढकलत डिकीपाशी आणलं. डिकी बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर होती.

"आता लाव."

गाणं सुरू झालं. अपेक्षाने बॉक्सच्या वरच्या पत्र्यावर तळवा टेकला. कडेकडेने सरकवत नेला, मध्ये आणला, जरासा डावीकडे घेतला आणि दाबून धरला. झणझण थांबली. तिने हात उचलला, पुन्हा सुरू झाली. दाबला, थांबली.

"इथे वाजतंय," ती म्हणाली.

धम्मपाल वाकून बघत होता. "वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

"मिक्सर लावला की मांडणीतलं एखादं ताट वाजायला लागतं. कुठलं ते असंच शोधते मी."

धम्मपालने खडूचा तुकडा आणला. "हात हलवू नका," म्हणत त्याने तिच्या पंजाभोवती रेघ ओढली. मग दोघांनी बॉक्स बाहेर काढला, वूफर सोडवला, आणि धम्मपालने त्या रेघेच्या मधोमध, आतल्या बाजूने, आधाराला लोखंडी अँगल वेल्डिंगने मारला. ठिणग्या उडायला लागल्या तशी हितेंद्रने तिची खुर्ची वळवली. बॉक्स निवल्यावर हितेंद्रने आवाज दाबायला चहूबाजूंनी डांबराच्या शीट चिकटवल्या. कोपरे अपेक्षाने अंगठ्याने दाबून दिले. तिची बोटं काळी झाली.

वूफर परत बसवून गाणं लावलं. या खेपेला ठोका भरीव आला, थेट छातीत. धम्मपालने दोन गाणी ऐकली, तिसरं अर्धं ऐकलं, मग म्हणाला, "चालेल."

परत येताना काळाचौकीच्या सिग्नलला गाडी थांबली. अपेक्षाने काच खाली केली आणि आवाज वाढवला. शेजारी स्कूटरवर एक म्हातारे गृहस्थ होते, पायाशी भाजीची पिशवी. त्यांनी आधी एकदा बघितलं. मग हेल्मेटची काच वर करून तिच्याकडे वळले.

"ओ बाई, रस्ता काय तुमचा एकटीचा आहे? कानठळ्या बसल्या इथे. एवढ्या मोठ्या झालात, काही समजत नाही का?"

हितेंद्र पुढे वाकला. "काका, तसं नाही, हिला जरा—"

अपेक्षाने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"सॉरी काका," ती म्हणाली आणि आवाज कमी केला. सिग्नल सुटला. म्हातारा पुटपुटत निघून गेला.

अपघात झाल्यापासून सगळेच तिच्याशी दबक्या आवाजात बोलायचे. सासू, डॉक्टर, शेजारणी. नळावर जिच्याशी तिचं कधी पटलं नाही ती मालनसुद्धा हल्ली "कशी आहेस गं बाय" म्हणून डोळे पुसायची.

मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा कुठे हितेंद्रने गिअर टाकला.

"कसला खेकसला रे माझ्यावर," अपेक्षा म्हणाली. काळ्या बोटांनी तिने आवाज पुन्हा थोडा वाढवला.