पहिला बाक

“दोघींचंही चूक!” सरांनी खडू टेबलावर आपटला. “या बाकाला काय शाप लागलाय का?”

पहिल्या बाकावरच्या दोघींनी माना खाली घातल्या. एक दहावीच्या गणितात गटांगळी खाल्लेली मुलगी. तोंडाला विश्रांती नाही, म्हणून वर्गात तिचं नाव बडबडी. दुसरी चाळिशीला टेकलेली, बेकरीत कामाला जाणारी, म्हणून बेकरीवाली. माना खाली होत्या खऱ्या, पण दोघींचे खांदे हसण्याने गदगदत होते.

“मावशी, तुमच्यामुळे चुकलं माझं,” बडबडी कुजबुजली.

“वा गं वा! मी तर तुझंच बघून लिहिलं.”

दहावी राहिलेल्यांचा संध्याकाळचा तो वर्ग म्हणजे एक अजब संसार होता. दिवसा तिथे चिल्ल्यापिल्ल्यांची शाळा भरायची, त्यामुळे बाक बुटके. बसचालकाचे गुडघे काही केल्या आत मावत नसत. तो पाय बाहेर टाकून बसे आणि येणारा-जाणारा त्यात अडखळे. एकसारख्या वेगाने धावणाऱ्या बसचं गणित आलं की तो हमखास हात वर करी. “सर, मधे थांबे नाहीत का हो?” पोरं मोठ्यांना कॉपी करायला शिकवत आणि मोठी माणसं पोरांना उशिरा येण्याची नवनवी कारणं पुरवत. खऱ्या नावांची पंचाईत कुणीच करत नसे. ती कार्यालयाने सांभाळावीत. सरांना टोपणनावं पुरत.

सरांची पद्धतही जगावेगळी होती. उत्तर बरोबर आलं की एक बाक मागे, चुकलं की एक बाक पुढे. जो शेवटच्या बाकावर पोचेल त्याचंच नाव परीक्षेला जाणार. जन्मभर मागच्या बाकावरून बोलणी खाल्लेल्या माणसांना तोच बाक मानाचा वाटावा, अशी त्यामागची युक्ती. ती लागूही पडली होती. चष्मा विसरून येणाऱ्या आजीबाईसुद्धा मागे जाऊन ऐटीत बसल्या होत्या.

या दोघी मात्र जागच्या हलायला तयार नव्हत्या. कधी चुकूनमाकून एक बाक मागे गेल्याच, तर दुसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या. महिनाअखेरीला नावं जायची होती. बेकरीवालीचं एक वेळ ठीक, पण पोरीचं अख्खं वर्ष बुडणार होतं. सर वरून कितीही ओरडले तरी त्यांचा जीव तुटत होता. पोरगी चलाख आहे, संगतीने वाया चालली आहे, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

“बस झालं,” ते म्हणाले. “बाई, तुम्ही उठा आणि त्या खिडकीपाशी जाऊन बसा. आजपासून दोघी वेगळ्या.”

बडबडीचा चेहरा खर्रकन उतरला. “नको ना सर! मी नाही बोलणार. शपथ.”

बेकरीवालीने मात्र मुकाट्याने पिशवी उचलली. “बरोबर आहे सरांचं,” ती हळूच म्हणाली. “माझ्यापायी तुझं वर्ष नको जायला.”

खिडकीपर्यंत जाताना ती बसचालकाच्या पायांत अडखळली. एरवी वर्ग खो-खो हसला असता. आज कुणी हसलं नाही.

सर फळ्याकडे वळले. आपणच काहीतरी वाईट केलंय असं त्यांना उगीच वाटायला लागलं, आणि त्या तंद्रीत गणित भलतीकडे गेलं.

“तिसऱ्या ओळीत वजा हवं, सर,” बडबडी फुरंगटूनच म्हणाली. “उत्तर बारा येतं. खालच्या गणिताचंही बाराच.”

आणि तिने जीभ चावली.

“बघा!” खिडकीपाशी बेकरीवाली जवळजवळ उभीच राहिली. मग तिनेही पटकन तोंडावर हात ठेवला.

सरांनी ओळी तपासल्या. दोन्हीकडे बारा. वर्ग सुटून बाकीचे निघाल्यावर त्यांनी बडबडीला दारातच अडवलं.

“तुला सगळं येतं.”

तिने होकारार्थी मान हलवली.

“मग नापास कशी झालीस?”

“तेव्हा खरंच येत नव्हतं, सर. तुमच्याकडेच शिकले.”

सरांना आतून गुदगुल्या झाल्या, पण त्यांनी चेहरा कडकच ठेवला. “आणि आता मुद्दाम चुकतेस? त्या बाईशेजारी बसून खिदळता यावं म्हणून? अगं, वर्ष जाईल तुझं! एवढी कोण लागून गेली ती तुझी?”

खाली फाटकाशी स्कूटरचा हॉर्न वाजला. तिचे बाबा न्यायला आले होते. ते नेहमी फाटकाबाहेरच थांबत. तिने जिन्याकडे पाहिलं. मग मागे वर्गात पाहिलं. तिथे बेकरीवाली फळा पुसत होती. पुसून स्वच्छ झालेला फळा ती पुन्हा पुसत होती. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. बडबडीचा आवाज इतका खाली गेलेला सरांनी कधी ऐकला नव्हता.

“आई आहे माझी. बाबांनी तिच्याकडे पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलंय. त्यांना सांगू नका ना, सर... मी गणितात ढ आहे, म्हणून तर मला आई भेटते.”