नवशिक्यांचं मशीन

गाडी पॉलिश करायचं मोठं मशीन त्यानं हातातसुद्धा घेतलं नाही. शेजारच्या खोक्याकडे नुसती हनुवटी उडवली.

"ते काढ. डबल अ‍ॅक्शन."

दुकानदार हसायलाच लागला. "उस्ताद, सकाळी सकाळी मीच सापडलो का थट्टेला? अहो, ते नवशिक्यांचं. रविवारी हौसेनं स्वतःची गाडी घासणारे साहेबलोक नेतात ते!"

दुकानदाराचं खरं होतं. गाडीच्या रंगावरचे जाळीसारखे बारीक ओरखडे काढण्यात याचा हात धरणारा कुणी नव्हता. गॅरेजमध्ये सगळे त्याला 'आरसा' म्हणत. त्यानं पॉलिश केलेल्या बॉनेटमध्ये बघून खुशाल दाढी करावी, अशी ख्याती.

लेकीला कडेवर घेऊन त्याची बायको मागे उभी होती.

गेले काही महिने त्याच्या उजव्या हाताची पकड ढिली पडत चालली होती. आधी कप निसटायचे, मग शर्टाची बटणं लागेनाशी झाली. एक दिवस गॅरेजमध्ये मोठं मशीन बॉनेटच्या कडेवर जरासं जास्त रेंगाळलं आणि रंग पार पत्र्यापर्यंत जळाला. मालक काही बोलला नाही. यानंच गॅरेजचं मशीन पुसून जागेवर ठेवलं आणि घरी आला, तो परत गेलाच नाही. काल मोठ्या डॉक्टरांकडेही एकटाच जाऊन आला. "शीर दबलीय," एवढंच सांगितलं. आणि आज चहा पिता पिता म्हणाला, "घरीच काम सुरू करू. चल, मशीन बघायला."

तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. मशीन घेतोय, म्हणजे हात बरा होणार. सरळ हिशोब होता.

आणि आता हा हे खेळणं मागत होता. म्हणजे यानं हाय खाल्ली होती. असं कसं चालेल?

"अहो, मोठंच घ्या ना," ती पुढे झाली. "आज ना उद्या हात बरा होईल. मग हे धूळ खात पडायचं."

"मोठं एका जागी गरगरतं. क्षणभर थांबलं की रंग जळतो. हात बसायला वर्षं जातात त्याच्यावर. हे फिरता फिरता डुलतं, म्हणून तापत नाही. चूक झाली तरी पोटात घालतं."

"तुमच्या हातून कसली चूक होतेय!" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

त्याला ते ऐकूही गेलं नसावं. तो आज नुसता बोलत सुटला होता. एरवी त्याच्या तोंडून शब्द पकडीनं ओढून काढावा लागे. तिला बघायला आला तेव्हा दोनच वाक्यं बोलला होता, त्यातलं एक पाणी मागायचं. आज मात्र वाटभर सुरूच. गाडी सावलीत धुवायची. रबराच्या पट्ट्यांवर आधी टेप लावायची. मऊ पॅड आधी, वीतभर जागेवर करून बघायचं, मग पुढे. ती लेकीची टोपी सावरत हूं हूं करत होती. "आज काय कंठ फुटलाय का तुम्हाला?" तिनं चिडवलंही होतं.

"हिच्या हातात दे," तो दुकानदाराला म्हणाला.

याला उचलवत नसेल, असं वाटून तिनं लेकीला त्याच्या डाव्या हातावर दिलं आणि मशीन घेतलं.

"जड वाटतंय?"

"दिवसभर तुमची लेक वागवते मी. तिच्यापुढे हे कापूस!"

"कोपर अंगाला लाव. मनगट सरळ. हां. पॅड सपाट टेकला पाहिजे." त्यानं वाकून तिची बोटं पाहिली. "नाही. मुठीत मावत नाही. दुसरं दे रे."

दुसरं झालं, तिसरं झालं. प्रत्येकाची पकड तो तिच्या मुठीला लावून बघत होता.

"उस्ताद, मशीन घेताय की वहिनींच्या मापाची अंगठी?" दुकानदार म्हणाला आणि तीही हसली. तो हसला नाही. चौथ्या मशीनच्या निमुळत्या मानेवर तिची बोटं नीट मिटली, तेव्हा त्यानं मान डोलावली.

"हेच. याचे मऊ पॅड पण दे."

दुकानदार पॅड आणायला आत गेला. तिचं हसू ओठांवरच राहिलं.

"अहो, माझं माप कशाला?" ती हळूच म्हणाली. "तुमचा हात बरा होईपर्यंतच ना?"

लेक त्याच्या कॉलरशी खेळत होती. त्यानं तिला थोडं वर सरकवलं.

"शीर दबलेली नाही. हात नाही यायचा परत."

तिनं मशीन काउंटरवर ठेवलं. डोळे भरून आले, पण तिनं ते बाहीनं पुसले आणि भिंतीला टेकवलेल्या मोठ्या मशीनकडे बोट केलं.

"मग तर तेच घ्या. तुमचंच काम मी शिकेन, तुमच्यासारखंच. लागेनात का पाच वर्षं! तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसा आणि सांगत राहा. आपल्याला कुठे घाई आहे?"

त्यानं काउंटरवरचं मशीन कोपरानं तिच्याकडे सरकवलं.

"डॉक्टर म्हणाले, हातानंतर जीभ जाते," तो म्हणाला. "मला सांगता येतंय तोवर तुला येईल, असं हे एकच आहे."