रुपाची चौकशी

त्या माणसाने तिसऱ्या दुकानातही त्यांच्या लेकीचं, रुपाचंच नाव काढलं, तेव्हा कौशल्याबाईंनी तराजूत टाकलेली वांगी तशीच राहिली.

इचोड्याच्या बाजारात अनोळखी माणसाचं नवल नाही. हमरस्त्यावरचं गाव, ट्रकवाले येतात आणि जातात. पण हा काही विकत घेत नव्हता, चहालाही नको म्हणत होता. काखेत फाईल, पायात चकचकीत बूट, आणि प्रश्न सगळे एकाच मुलीबद्दल. वय किती, इथलीच का, वागायला कशी, तब्येत कशी. मिरचीवाल्या शकुबाईने सरळच विचारलं, स्थळाकडून आलात का? तो नुसता हसला. तेवढ्यावरून बाजाराने काय समजायचं ते समजून घेतलं.

कौशल्याबाईंना तर आधीच कुणकुण होती. आठ दिवसांपूर्वी मंचेरियलहून नणंदेचा, रेणुकाबाईंचा फोन आला होता. मुलगा कोळशाच्या खाणीत कायम नोकरीला, घरदार बरं; ती माणसं आधी न सांगता चौकशीला कोणाला तरी पाठवतील, असं त्या म्हणाल्या होत्या. फोन ठेवून नवऱ्याने, सुधाकररावांनी, त्यांना निकाल ऐकवला. स्थळ जमलं, की पोरीचं ते काठी घेऊन घसरणं बंद.

घसरणं म्हणजे आइस हॉकी. इचोड्यात बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर, तोही पोत्यात गुंडाळलेला. तरी या पोरीने कापसाच्या जिनिंगच्या सिमेंटच्या ओट्यावर चाकांचे बूट घालून सुरुवात केली, दोन्ही गुडघे फोडून घेतले, आणि आता विसाव्या वर्षी ती लडाखला भारताच्या संघाच्या शिबिरात होती. गोलकीपर. शेवटची यादी सोमवारी लागायची होती. यादीत नाव आलं, की बापाचीही बोलती बंद होणार होती. मधले दोन दिवस तेवढे निभावून न्यायचे होते.

तो माणूस एकेक दुकान करत जवळ येत होता. रुपाबद्दल वाकडा शब्द काढील असं बाजारात कोणीच नव्हतं, आणि त्यांना भीती होती ती त्याचीच. कौशल्याबाई उठल्या आणि मागच्या बाजूने शकुबाईकडे गेल्या.

"शकुबाई, तो परत आला तर सांगजो, पोरीले फिट येते म्हून."

"काऊन वो? चांगल्या पोरीले असा डाग काऊन लावून राह्यली?"

"हे स्थळ मोडलं पाह्यजे. नाई त तिचा खेळ गेला. पाया पडतो तुह्या."

शकुबाईला ते पटलं नाही. पण मैत्रिणीचे डोळे पाहून ती उठली, आणि तिने सांगितलेलं दहा मिनिटांत सगळ्या ओळीत पोचलं. आमच्या बाजाराने एखादं काम अंगावर घेतलं, की अर्धवट सोडायची पद्धत नाही. किराणावाल्याने पोरीला ओट्यावर तोंडाला फेस येऊन पडलेली पाहिली. दवाखान्यातल्या देवाजी कंपाउंडरने तर आपण स्वतः दोनदा इंजेक्शन दिल्याचं महिन्यासकट सांगितलं.

माणूस सगळं लिहून घेत होता. लिहिता लिहिता त्याचा चेहरा उतरत गेला. परक्या माणसाला इतकं वाईट वाटावं याचं कौशल्याबाईंना जरा नवल वाटलं.

शेवटी तो त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. तुम्हीच आई ना, असं त्याने हिंदीत विचारलं. ऐकलं ते खरं का?

मनातल्या मनात कौशल्याबाईंनी रुपाची माफी मागितली.

"हो. लहानपनापासून येते. कवा येईन, नेम नाई."

त्याने फाईल मिटली. लपवलं नाहीत हे फार बरं केलंत, म्हणाला. पुढे काही झालं असतं तर आमच्या माथी आलं असतं. मग हात जोडून तो आदिलाबादच्या बसकडे चालू लागला. बस वळणाआड जाईपर्यंत कौशल्याबाई पाहत राहिल्या. पोरीचा खेळ वाचला होता. त्यांना रडूच आलं.

दिवेलागणीला रुपाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"आई, तिथं आमच्या संघटनेचे एक सर येऊन गेले का? माह्या वयावरून कोनीतरी तक्रार केली होती. म्हून संघटनेनं त्यायले पाठवलं, आपन कोन ते न सांगता गावात विचारून या म्हून. बाकी सारं पक्कं हाये. मी त म्हटलं, दुसऱ्या कोनाले नका विचारू, माह्या आईले विचारा. माही आई कंदी खोटं बोलत नाई."