चिलखती गाडीचं हँडल

“मी हँडल मारून ही सुरू केली, तर ही इथंच राहणार. नाही झाली, तर खुशाल घेऊन जा,” सेनापतींनी संग्रहालयाच्या साहेबांना बजावलं आणि बाह्या सरसावल्या.

शेडबाहेर साहेबांचा ट्रेलर गाडी न्यायला सकाळपासून उभा होता. सेनापतींची बायको, म्हणजे काकू, गुडघ्यावर हात टेकत टेकत चिलखती गाडीत चढल्या. हँडल मारायचं सेनापतींनी आणि आत बसायचं काकूंनी, ही वाटणी चाळीस वर्षांची.

शंभर वर्षांपूर्वी लढाईत धावलेली गाडी ती. जाड पत्रा, भरीव रबराची चाकं. अशा जगात तीनच उरलेल्या. सेनापती आयुष्यात एक दिवस सैन्यात नव्हते, पण भंगारातून असली धुडं हुडकून आणायचा नाद, म्हणून गल्लीनं ठेवलेलं हे नाव. बाकीची धुडं एकेक करून गेली, ही तेवढी राहिली. काकू हिला सवत म्हणायच्या. पण सवतीला पुसून-पुसून हात झिजले ते त्यांचेच.

आज कुणाच्या बाजूनं उभं राहावं, हे त्यांनाच कळत नव्हतं. जाऊ दे ही ब्याद एकदाची, असं वाटे. शेडची कुलपं, यांच्या मागे मागे फिरणं, गॅस बंद केला की नाही बघणं. जीव अगदी मेटाकुटीला आला होता. पण गेल्या वर्षभरात सेनापती शेजाऱ्यांना विसरले, जावयाला विसरले, परवा तर पोटच्या लेकीला ‘आपण कोण?’ म्हणाले. गाडीचा एक स्क्रू मात्र विसरले नव्हते. शेडमध्ये पाऊल टाकलं की माणूस पुन्हा पहिल्यासारखा. तीच नेली तर मग राहिलं काय?

“ठिणगीची दांडी मागे घेतलीस का?” सेनापती खालून ओरडले.

“घेतली हो!” काकूंना हायसं वाटलं. आठवतंय की सगळं.

समोरच्या फटीतून त्यांनी पाहिलं. सेनापती वाकले. हँडल मुठीत धरलं, चांगलं घट्ट, अंगठा पलीकडून वळवून.

दांडी मागे घेतली तरी असलं हँडल कधीकधी उलटा झटका मारतं. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. पलीकडून वळवला तर मोडलाच म्हणून समजा. या गाड्या बाळगणाऱ्यांचा हा पहिला धडा. यावरून सेनापतींनी किती जणांना फैलावर घेतलं असेल, त्याची गणती नाही. सगळ्यात आधी काकूंना.

“अहो, थांबा!”

त्या कशाबशा खाली उतरल्या. साहेबांनी पुढे केलेला हात त्यांना दिसलाही नाही. त्यांनी नवऱ्याची मूठ सोडवली, अंगठा उचलला आणि बोटांच्या शेजारी आणून ठेवला.

“असा धरायचा. नाहीतर मोडेल.”

सेनापती आपल्या हाताकडे बघत राहिले. साहेबांच्या सारं लक्षात आलं असावं, ते उगाच दुसरीकडे पाहू लागले. मग सेनापतींनी कौतुकानं मान डोलावली.

“अरे वा! तुम्हाला हे कुणी शिकवलं, बाई?”

“घेऊन जा,” काकू साहेबांना हळूच म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या.

“होते एकजण. फार ओरडायचे.”

“ओरडणारच,” सेनापती म्हणाले. “जीव असेल त्यांचा तुमच्यावर.”